दांड्या ठेवायच्या का तेल घालायचं?

पाटणात मोटार चालू करायला एक माणूस पुरतो. थांबवायला मात्र सगळ्या गावाचं मत घ्यावं लागतं. यात गावाचा काही दोष नाही, दोष भूगोलाचा आहे. कोयना आणि केरा यांच्या संगमावरचं हे गाव डोंगरांनी कोंडलेलं. पूर्वेला कराडकडं निघालं तर रस्ता नदीच्या कडंकडंनं, तसा सोशिक. पश्चिमेला निघालं की कोयनानगर, हेळवाक, घाटमाथा आणि मग एकदम कुंभार्ली. घाटमाथ्यावर उभं राहून खाली कोकणाकडं बघितलं की माणसाला आधी देव आठवतो आणि लगेच ब्रेक. त्यामुळं पाटणात गाडीची पत ती किती पळते यावर ठरत नाही. नवी कोरी गाडी दारात लावा, हार घाला, पेढे वाटा. पेढा अजून टाळूला चिकटलेला असतानाच कुणीतरी विचारणार, "कुंभार्ली उतरंल का?"

अशा गावात आमच्या दाजींनी १९२९ सालची फोर्ड आणली.

दाजी म्हणजे आमच्या आक्कांचे यजमान. हायस्कुलात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले आणि आता आयुष्यात एकही गणित उरलं नाही या काळजीनं त्यांनी ही गाडी घेतली. फोर्डचं हे मॉडेल ए. डिसेंबर १९२७ मध्ये विक्रीला आलं, १९३१ पर्यंत निघालं आणि तेवढ्यात पंचेचाळीस लाखांच्या वर गाड्या जगभर गेल्या. त्यातली ही एक कुणा इनामदारांच्या वाड्यात आली, मालकांबरोबर म्हातारी झाली आणि शेवटी गोठ्यात गेली. दाजींनी ती घेतली तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती आणि व्यवहारात ती धरलेली नव्हती. कोंबडी उठेपर्यंत गाडी हलवता आली नाही. गाडी हलायची नसेल तर कोंबडीसुद्धा ब्रेकचं काम करते, हा आमच्या माहितीतला या विषयावरचा पहिला प्रयोग.

इंजिनाचं काम अपेक्षेपेक्षा लवकर झालं. चार सिलिंडर, चाळीस अश्वशक्ती, उघडून बघितलं की सगळं समजतं असं ते इंजिन. गावानं त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. गाडी चालू होणं ही मालकाची खाजगी बाब आहे. मग एका दुपारी मेस्त्री गाडीखालनं सरपटत बाहेर आला, हात पँटीला पुसले आणि म्हणाला, "मास्तर, ब्रेकचं काय करायचं? दांड्या ठिवायच्या का त्याल घालायचं?" हे त्यानं जरा मोठ्यांदा विचारलं. गॅरेज रस्त्याला लागून. तिथून पुढं हा प्रश्न दाजींचा राहिला नाही.

मी पोतं अंथरून गाडीखाली शिरलो आणि बघितलं. ज्यांनी आजच्या गाडीचा ब्रेक फक्त पायानं ओळखला आहे त्यांनी ही मजा एकदा बघावी. पेडल दाबलं की मधला आडवा दांडा फिरतो. त्या दांड्याला चार बाजूंना चार सळया. प्रत्येक सळई एकेका चाकाकडं गेलेली. मागं सोपं आहे, चाक कुठं वळत नाही. पुढचं चाक वळतं, आणि वळतानाही ब्रेक लागला पाहिजे. म्हणून फोर्डच्या लोकांनी पुढच्या चाकाचा किंगपिन आतून पोकळ ठेवला आणि त्याच्या पोटातनं ब्रेकची पिन खाली सोडली. चाक कसंही वळो, पिन आपली सरळ दाबली जाते. हे बघून मी गाडीखाली आडवा पडल्या पडल्या "वा!" म्हणालो. मेस्त्रीच्या पोरानं ते "हवा" असं ऐकलं आणि पंप आणून दिला.

आता हे सगळं नवं असताना उत्तम. पण सळईच्या प्रत्येक टोकाला एक पिन, पिनेला भोक, भोकात कॉटर. मेस्त्रीनं त्यातली एक काढून तळहातावर ठेवली. दोन्ही टोकं जाड आणि मधली कंबर झिजून निम्मी. अशा प्रत्येक पिनेत केसाएवढी ढिलाई. या सगळ्या केसांची बेरीज पेडलवर होते. पाय निम्मा खाली गेला तरी मागच्या चाकाला बातमीच नसते. "पेडल दाबायचं आन् वाट बघायची," मेस्त्री म्हणाला. "पत्र टाकल्यावानी."

हेन्री फोर्ड पाटण तालुक्यात जन्मला असता तरी खपून गेला असता. शेतकऱ्याचा पोरगा. डोळ्याला दिसेल आणि हाताला लागेल त्यावर विश्वास; बाकी सगळं शहरी लोकांचं खूळ. तेलाचा ब्रेक त्याच्या डोळ्यांदेखत आला. १९२१ च्या ड्यूसेनबर्गला चारी चाकांना तेल होतं, पण ती श्रीमंतांची गाडी. १९२४ मध्ये वॉल्टर क्रायसलरनं तेच मध्यमवर्गाच्या दारात आणून उभं केलं. फोर्डची खरी सवत म्हणजे शेवरोले. ती तर १९२८ पासून आपल्या मुंबईत, शिवडीच्या कारखान्यात जोडून मिळायची. १९३६ च्या शेवरोलेतही तेल आलं. फोर्ड हलला नाही. पेडलपासून चाकापर्यंत सलग पोलाद असल्याचं तो जाहिरातीत अभिमानानं सांगत राहिला. दिसत नाही अशा पाण्यासारख्या वस्तूवर बायकापोरं बसलेली गाडी थांबवायची, हे त्याच्या मनाला पटेना. शेवटी १९३९ च्या मॉडेलला घरच्यांनी त्याची समजूत काढली. तोवर विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांपुढं किती मान खाली घातली असेल ते त्यांनाच ठाऊक.

पण म्हाताऱ्याचं अगदीच चुकलं होतं असंही म्हणवत नाही. तेलाच्या ब्रेकमागचं तत्त्व ब्लेझ पास्कल सतराव्या शतकातच सांगून गेला होता. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडं सारखाच पोचतो. पायाखाली मास्टर सिलिंडर, प्रत्येक चाकात एक छोटा सिलिंडर, मध्ये करंगळीहून बारीक नळ्या. पेडल दाबलं की चारी चाकांना एकाच क्षणी, एकाच जोरानं निरोप. कागदावर याला तोड नाही. दाजींनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर याचं गणित करून दाखवलं तेव्हा आक्काही म्हणाल्या, "हे बरोबर दिसतंय." भानगड कागदाबाहेर होती. माल्कम लॉकहीडनं (यांच्याच घराण्याच्या नावानं पुढं विमानं उडाली) हा ब्रेक आणला तेव्हा सिलिंडरच्या तोंडाला कातड्याचे वॉशर होते आणि ते गळायचे. क्रायसलरच्या इंजिनिअरांनी तिथं रबर घातलं. रबर घातल्यावर खनिज तेल चालेना, कारण त्यानं रबर फुगतं. म्हणून नळ्यांत काय भरायचे, तर एरंडेल आणि अल्कोहोल.

ही माहिती मी स्टँडसमोरच्या टपरीवर सांगायला नको होती असं दाजींचं मत आहे. आमच्या पिढीला एरंडेल म्हटलं की नाक धरणारा आईचा हात आठवतो आणि पुढचा अख्खा दिवस. आप्पांनी कप खाली ठेवला. आप्पा म्हणजे गावातलं बैलगाडीचं शेवटचं विद्यापीठ. "ज्या एरंडेलानं मानूस थांबत न्हाय," ते म्हणाले, "त्यानं मोटार कशी थांबंल?"

यावर पास्कलकडंही उत्तर नसावं.

टपरीवर दोन तट पडले. दांडीवाल्यांचे पुढारी आप्पा. तेलवाल्यांचे पुढारी पाटबंधारे खात्यातनं निवृत्त झालेले साहेब. साहेबांच्या दृष्टीनं हा वादच अपमानास्पद होता, आणि तोही या तालुक्यात. "अहो, आपलं अख्खं खोरं कशावर उभं आहे? द्रवाच्या दाबावर! शिवसागरातलं पाणी डोंगराच्या पोटातनं पोफळीला पावणेपाचशे मीटर खाली जातं, एकोणीसशे बासष्टपासनं वीज देतंय. उल्लोळ विहीर बघितलीय का कधी? तिथं काय दांड्या बसवल्यात?"

"विजेचं सांगू नगासा," आप्पा म्हणाले. "काल आमच्या वाडीत किती वाजता आली?"

साहेबांनी चहाचे पैसे दिले, पण मत बदललं नाही. आणि मला खरंच नवल वाटत होतं. ज्या लोकांनी एवढा मोठा जलाशय उशाला घेऊन आयुष्य काढलं, त्यांचा छटाकभर तेलावर विश्वास नाही. पण आप्पांचा मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. "दांडी वाकली तर दिसती. झिजली तर वाजती. त्याल गेलं तर कुनाला सांगून जातंय?" जुन्या तेलाच्या ब्रेकचं दुखणं नेमकं हेच. सगळ्या चाकांना मिळून एकच वाट. एका नळीला चीर पडली की चारी चाकं एकदम मोकळी. पेडल सरळ फळीला जाऊन टेकतं. पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन वेगळ्या वाटा असाव्यात हे अमेरिकेत सक्तीचं व्हायला १९६० चं दशक संपत आलं होतं. दांड्यांचं तसं नाही. एक तुटली तर तीन राहतात. गाडी थांबते, तिरकी होऊन थांबते, तोंड कुठं होईल सांगता येत नाही, पण थांबते. जर्मनांसारख्या हुशार लोकांनी साध्या फोक्सवॅगनला १९६० नंतरही केबलचे ब्रेक ठेवले होते, हे मी पुरवलं तेव्हा आप्पांनी माझ्याकडं प्रथमच आदरानं बघितलं.

एवढ्यात तात्या आले. तात्यांनी जन्मभर एसटी चालवली, त्यातला बराच काळ चिपळूणच्या फेरीवर. त्यांनी दोन्ही तटांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि दोघांनाही नापास केलं.

"हवा पायजे," ते म्हणाले.

टपरी गप्प झाली.

"दांडी तुटली तर नशीब बघायचं. त्याल गेलं तर गाडी जाती. आन् हवा गेली तर? गाडी जाग्यावर बसती. हलत न्हाय."

हे शंभर टक्के खरं आहे. आताच्या बसच्या हवेच्या ब्रेकमध्ये मोठी स्प्रिंग असते. हवेचा दाब तिला मागं रेटून धरतो. हवा संपली की स्प्रिंग सुटते आणि चाक आवळते. म्हणजे यंत्रणा बिघडली की गाडी थांबते, पळत नाही. तात्यांचा युक्तिवाद इतका बिनतोड होता की त्याचा दाजींना काहीच उपयोग नव्हता. १९२९ च्या फोर्डला हवेची टाकी कुठं लावणार? तरी चर्चा आता पंचमहाभूतांच्या पातळीवर गेली. लोखंडाचा झाला, तेलाचा झाला, वायूचा झाला. आकाशतत्त्वावर चालणारा ब्रेक तेवढा राहिला. त्याची सोय आमच्याकडं पूर्वीपासून आहे. घाटात वळणावर समोरनं ट्रक आला की सगळी गाडी तो एकदम वापरते.

दरम्यान मेस्त्रीनं ठरवलं की आधी दांड्या नीट लावून तरी बघू. नव्या पिना लोहाराकडनं करून घेतल्या. मग त्यानं चारी चाकं ठोकळ्यांवर उचलली. फोर्डची मूळ पद्धत फार छान आहे. सीट आणि पेडल यांच्यामध्ये खाचा असलेली एक फळी अडकवायची, म्हणजे पेडल ठरावीक अंतरावर दाबलेलं राहतं. पहिल्या खाचेला मागची चाकं जड फिरली पाहिजेत, पुढच्या खाचेला पुढचीही धरू लागली पाहिजेत, शेवटच्या खाचेला सगळी गच्च. आमच्याकडं फळी नव्हती. मेस्त्रीनं कळकाची काठी घेतली आणि कोयत्यानं तिला खाचा पाडल्या. प्रत्येक चाकामागं चौकोनी डोक्याचा एक स्क्रू असतो, तो पान्ह्यानं फिरवला की आतली पाचर सरकते आणि कट् कट् आवाज येतो. चार चाकांना चार माणसं बसवली. काम एवढंच: चाक हातानं फिरवायचं आणि किती जड आहे ते सांगायचं.

पुढच्या डाव्या चाकाला साहेब. ते म्हणाले, "मध्यम." मागच्या उजव्याला आप्पा. "लागतुया." मेस्त्रीनं विचारलं, किती लागतुया? "जेवढं लागाय पायजे तेवढं." मागच्या डाव्याला मेस्त्रीचं पोरगं, त्याचं लक्ष मोबाईलवर. पुढच्या उजव्याला मी. माझं चाक जड झालं म्हणून मी सांगितलं की मेस्त्री स्क्रू सैल करायचा, तेवढ्यात आप्पा म्हणायचे, "आता माजं हलकं झालं." ग्रामपंचायतीत चार सदस्यांचं एका रस्त्यावर एकमत करणं आणि चार सळयांच्या ब्रेकचा मेळ घालणं ही एकाच जातीची कामं आहेत. एकाला जास्त मिळालं की गाडी त्याच्याकडं ओढली जाते. दांडीच्या ब्रेकची खरी मेख इथं आहे, तुटण्यात नाही. चारी चाकांना सारखं मिळण्याची जबाबदारी निसर्ग घेत नाही. ती मेस्त्रीला घ्यावी लागते, आणि शंभरदोनशे मैलांनी पुन्हा घ्यावी लागते. तेलात ही कामगिरी पास्कल फुकट करतो. फोर्डचं म्हणणं कितीही सोज्वळ असलं तरी या एका मुद्द्यावर तो हरला, आणि हरायलाच हवा होता.

संध्याकाळी चारी चाकांचं कसंबसं जुळलं. गाडी खाली उतरवून दाजींनी ती गल्लीत चालवली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. साहेबांच्या बाजूला किंचित झुकून.

मेस्त्री मात्र मनातनं तेलवाला होता. त्याचं कारण तत्त्वज्ञानाचं नव्हतं, जीपचं होतं. आमच्या भागात वडापवाल्या जीपांनी दोन पिढ्या माणसं वाहिली आणि एक पिढी मेस्त्री घडवले. यांच्या हाताखालनं ट्रॅक्टर जाऊ दे, पिठाची गिरणी जाऊ दे, उपाय एकच: "जीपचं बसवू." जे बसतं ते बसतं, जे बसत नाही त्याला वेल्डिंग आहे. मेस्त्रीनं जीपचा एक जुना मास्टर सिलिंडर रॉकेलात धुऊन, पुसून, कागदावर मांडून ठेवला होता. सारखा गाडीखाली धरून दाखवायचा. "पेडलच्या हितं दोन भोकं. बास. मागच्या पुढच्या डिरमला आतनं सिलिंडर. एका दिसाचं काम." एका दिवसाचं काम ही मेस्त्रीच्या भाषेत कालगणना नसते, आशीर्वाद असतो. पण कल्पना खुळी नव्हती. अमेरिकेत मॉडेल ए बाळगणारे पुष्कळ लोक हेच करतात. नंतरच्या फोर्डचे, १९३९ ते ४८ चे तेलाचे ब्रेक तिला बसवतात आणि बायकोला घेऊन निर्धास्त फिरतात.

दाजींनी मध्यममार्ग काढून बघितला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रोल्सरॉइसला पुढं तेल आणि मागं दांड्या असायच्या, ब्रिटनची ऑस्टिन ए फॉर्टी डेव्हनही १९४७ मध्ये तशीच निघाली, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मेस्त्रीनं विचार केला. "म्हंजी दोन्ही दुखणी घरात," तो म्हणाला, आणि विषय मिटला.

मग आला कायदा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात सांभाळलेली, तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबरप्लेट. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांनी पुन्हा पाच हजार. अट अशी की सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. मेस्त्रीनं ते तीनतीनदा वाचायला लावलं. "ब्रेकचं नाव हाय का?" नाही. "मग झालं तर." पण नियमात पुढं आणखी एक कलम आहे. अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. दाजींना हे कलम फार आवडलं. आता ते भाजीला निघाले तरी "देखभालीला चाललोय" म्हणतात. आक्का म्हणतात, कोथिंबिरीची का?

सरकारचं भागलं तरी रॅलीतले परीक्षक असतात. दिल्लीच्या स्टेट्समनच्या रॅलीपासून (ती १९६४ पासूनची) गल्लीतल्या मेळाव्यापर्यंत सगळीकडं हे लोक हातात तक्ता घेऊन फिरतात आणि खालचे स्क्रूसुद्धा त्या सालचे आहेत का बघतात. जीपचा मास्टर सिलिंडर दिसला की गुण गेले. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा दाजी गर्दीत उभे राहून डोळे भरून बघतात. तिच्या ब्रेकची चौकशी आजवर कुणी केल्याचं ऐकिवात नाही. पण ती सीमोल्लंघनाला निघते, कुंभार्ली उल्लंघायला नव्हे.

माझं मत विचाराल तर, आणि ते कुणी विचारलं नाही, तेलाचा ब्रेक चांगला यात वाद नाही. रोज घाट चढायचा-उतरायचा असेल तर दांड्यांचा हट्ट धरणाऱ्याला गाडीतच बसू देऊ नये. पण वर्षाकाठी दसरा आणि दोन मेळावे एवढंच जिचं जग आहे, ती बाकीचे महिने कोयनेच्या पावसात उभी राहणार. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पाटणात तेवढा नाही, पण दमटपणा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. उभ्या गाडीत ते पाणी नळ्यांना आतनं गंज चढवतं, रबर चिकटतं, आणि पाणी मिसळलेलं तेल घाटात तापलं की त्याला उकळी फुटते. वाफ दाबली जाते, चाक थांबत नाही. ताज्या साध्या तेलाला दोनशे अंशांपर्यंत काही होत नाही. ओल धरलेलं एकशेचाळीसलाच हात टेकतं. सळईलाही गंज चढतो, पण तो बाहेरनं चढतो. पॉलिश पेपर मारा, ग्रीस लावा. म्हणजे या गाडीपुरता, या पावसापुरता, हेन्री फोर्ड बरोबर.

दाजींनी दांड्या ठेवल्या. हे सगळं गणित त्यांनी केलं होतं की मेस्त्रीचं एका दिवसाचं काम ऐकून घाबरले, ते मला सांगता येणार नाही.

गावाचं समाधान मात्र कुंभार्ली उतरल्याशिवाय होणार नव्हतं. एका पहाटे निघालो. दाजी चालवायला, शेजारी तात्या, मागं साहेब आणि मी, आणि आप्पा मांडीवर एक उटी घेऊन. बाभळीची, त्रिकोणी, तेल पिऊन काळी पडलेली. त्यांच्या आज्यानं याच घाटात बैलगाडीच्या चाकाखाली लावलेली. जुन्या ट्रकवर किन्नर ठेवायचे तो मुळात या कामासाठी. गाडी थांबते न थांबते तोच खाली उडी मारून चाकाला दगड द्यायचा.

घाटमाथ्यावर तात्यांनी हात वर केला. "मास्तर, कुंभार्ली चढताना कुठला गेर लावला असता?"

"दुसरा. वळणावर पहिला."

"मग त्यातच उतरायचं. ब्रेकला पाय लावशीला तर मी उतरतो."

आणि ती गाडी खरंच इंजिनाच्या जोरावर घरंगळत, गुरगुरत उतरली. तीनच गिअर, तेही दोनदा क्लच दाबल्याशिवाय न पडणारे. दाजींना घाम फुटला, पण ब्रेकचं काम क्वचितच पडलं. दांड्या वाजत होत्या, साहेब डोळे मिटून पास्कलचं चिंतन करत होते. मागनं एक टेंपोवाला न्यूट्रल मारून सुसाट गेला आणि जाताना आमच्याकडं बघून हसला. पुढच्या वळणावर तो कडेला थांबलेला दिसला; चारी चाकांतनं धूर. आप्पा त्याच्याकडं बघून हसले नाहीत. फक्त उटी जरा वर धरून दाखवली.

त्यानंतर गाडी एका मेळाव्याला गेली. दाजींनी पितळ लखलखीत केलं होतं, नंबरप्लेट पुसली होती. परीक्षक आले, टाय लावलेले, मुंबईचे. भोंगा वाजवून बघितला, दिवे लावून बघितले, वाकून खाली बघितलं आणि तक्त्यावर काहीतरी खूण केली. मागच्या चाकाशी आप्पा उटी लावून उभे होतेच. परीक्षकांनी पेन वर केलं.

"ब्रेक मेकॅनिकल की हायड्रॉलिक?"

"बाभळीचा," आप्पा म्हणाले.